ऊन थोडं, बोलणं मोजकं

जुलैचा दुसरा आठवडा. कोकणातल्या एखाद्या गावात शाळेच्या छपरावर पर्जन्यमापक बसवलेला आहे. पांढरं नळकांडं, शेजारी वहीएवढं सौर पॅनेल आणि खाली एक डबी. डबीत बॅटरी आणि रेडिओ. आठ दिवस सूर्य दिसलेला नाही. पॅनेलच्या कडेला शेवाळ धरलंय. आणि आज पाऊस असा कोसळतोय, की तालुक्याच्या कचेरीला दर दहा मिनिटांनी आकडा हवा आहे. इथेच या यंत्राची पंचाईत होते. ज्या दिवशी त्याच्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त, त्याच दिवशी सांगायचं बळ सगळ्यात कमी. मे महिन्यात नेमकं उलटं असतं. बॅटरी काठोकाठ भरलेली आणि निरोप एकच, ‘आजही पाऊस नाही’.

ऊन, उष्णता, यंत्रांची थरथर, नुसता बोटाचा दाब, अशी आसपास सापडेल ती ऊर्जा गोळा करून बिनतारी निरोप धाडणारे छोटे सेन्सर आता शेतांत, पुलांवर, कारखान्यांत आणि डोंगरउतारांवर बसू लागले आहेत. त्यांचं कौतुक होतं ते फुकटच्या विजेसाठी. पण त्यांच्यावर काम करणाऱ्या इंजिनिअरला विचारलं, तर तो मिळकतीपेक्षा खर्चाबद्दलच जास्त बोलेल. हातात चिमूटभर वीज आहे. ती कोणत्या निरोपावर, कधी आणि किती खर्चायची?

मोजणं स्वस्त, बोलणं महाग

त्या नळकांड्याचं झाकण काढून पाहू. गाळणीतून पाणी खाली उतरतं आणि सी-सॉसारख्या दोन वाट्यांपैकी एकीत पडतं. ठरावीक पाणी साठलं, समजा अर्ध्या मिलिमीटर पावसाइतकं, की ती वाटी कलंडते, रिकामी होते आणि दुसरी वर येते. कलंडताना तिच्यावरचं चुंबक एका बारीक स्विचसमोरून जातं. टक्. झोपलेला मायक्रोकंट्रोलर क्षणभर जागा होतो, वहीत एक रेघ ओढावी तसा आकड्यात एक मिळवतो आणि पुन्हा झोपतो. तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडला, तरी दोनशे वेळा टक् होईल. एवढ्या मोजणीला लागणारी वीज नगण्य आहे.

खर्च सुरू होतो तो ही बेरीज दुसऱ्या कुणाला सांगायची म्हटली की. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले ग्रेगरी पॉटी आणि विल्यम कायझर यांनी २००० साली एक हिशेब मांडला होता. एक किलोबिट माहिती रेडिओने १०० मीटरवर पोहोचवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात त्या काळचा एक साधा प्रोसेसर ३० लाख सूचना पार पाडू शकतो. तेव्हापासून चिप खूप बदलल्या, पण गणिताचा कल तोच राहिला. विचार करणं स्वस्त आहे, बोलणं महाग. म्हणून जे काम डबीतल्या डबीत उरकता येईल, ते तिथेच उरकायचं आणि बाहेर फक्त निष्कर्ष पाठवायचा, हा या क्षेत्रातला पहिला धडा.

बोलण्यातही प्रकार आहेत. लांब पल्ल्याच्या ‘लोरा’ रेडिओचं उदाहरण घेऊ. गेटवे, म्हणजे निरोप झेलून पुढे धाडणारं केंद्र, जवळ असेल, तर वीसेक बाइटांचा निरोप साधारण ५६ मिलिसेकंदांत उरकतो. गेटवे टेकडीपलीकडे असेल, तर तोच निरोप ताणून-ताणून सुमारे १.३ सेकंदांत पाठवावा लागतो. ओढ्यापलीकडच्या माणसाला हाक मारताना आपण शब्द लांबवतो, तसं. बोलत असताना रेडिओ ०.१ वॅट खातो असं धरलं, तर पहिल्या निरोपाला सुमारे ५.६ मिलिज्यूल लागले आणि दुसऱ्याला १३०. हाच निरोप मोबाइलच्या जाळ्यातून पाठवायचा, तर मोडेमने जागं व्हायचं, टॉवर शोधायचा, ओळख पटवायची आणि मग बोलायचं. रेंज नीट असली तरी यात सहज १० ते २० ज्यूल उडतात. मजकूर तोच, पण खर्च हजारो पटींनी वेगळा.

हे आकडे घरातल्या एखाद्या सेन्सरला लावून पाहू. खोलीतल्या साध्या उजेडात चांगलं सौर पॅनेल दर चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोवॅटच्या आसपास वीज देतं. भर उन्हातल्या मिळकतीपुढे ही हजारावा हिस्सासुद्धा नाही. दहा चौरस सेंटिमीटरचं पॅनेल लावलं, तर जवळच्या गेटवेला एक निरोप धाडण्यापुरती वीज मिनिटभरात जमते. दूरच्या गेटवेसाठी सुमारे बावीस मिनिटं थांबावं लागतं. आणि मोबाइल मोडेमच्या एका फेरीसाठी, ती १५ ज्यूलची धरली, तर दिवा रात्रंदिवस चालू ठेवूनही पावणेदोन दिवस.

साठवणुकीचीही मर्यादा आहे. अशा यंत्रांत बॅटरीऐवजी बरेचदा सुपरकपॅसिटर वापरतात. तो लाखो वेळा भरता-रिकामा करता येतो, पण पोट लहान आणि थोडी गळतीही. एक फॅरडचा सुपरकपॅसिटर ५ व्होल्टपासून २.५ व्होल्टपर्यंत वापरला, तर हाती येतात जेमतेम ९.४ ज्यूल. त्यात दूरचे सत्तर निरोप बसतात. मोबाइल मोडेमची एक फेरीसुद्धा खात्रीने बसत नाही.

ऐकणंही फुकट नाही

आपल्याला वाटतं, बोलायला कष्ट पडतात, ऐकायला काय लागतं? रेडिओचं तसं नाही. संशोधकांच्या सेन्सरमध्ये अनेक वर्षं वापरली गेलेली सीसी-२४२० ही चिप बघा. पूर्ण ताकदीने बोलताना ती १७.४ मिलिअँपिअर खाते आणि ऐकताना १८.८. म्हणजे कान उघडे ठेवून बसणं हे बोलण्याहून महाग. निरोप काही मिलिसेकंदांत संपतो. ऐकायला बसलं तर दिवस जातो.

म्हणून ही यंत्रं दिवसातला जवळजवळ सगळा वेळ बहिरी असतात. लोराच्या जाळ्यातली सर्वांत काटकसरी यंत्रं स्वतःचा निरोप पाठवल्यावरच दोनदा थोडा वेळ कान उघडतात आणि लगेच झोपी जातात. त्यांना काही सांगायचं असेल, तर त्यांनी बोलण्याची वाट पाहावी लागते. पूर्वी मुंबईचा चाकरमानी एसटीडी बूथवरून गावी फोन करायचा, तेव्हा घरच्यांनी आठवड्याभराचं सगळं त्या तीन मिनिटांत सांगून घ्यायचं असे. इथे नेमकी तीच रीत आहे.

दुसरा उपाय वेळ वाटून घेण्याचा. हवामान खात्याची सौर ऊर्जेवर चालणारी स्वयंचलित केंद्रं उपग्रहामार्फत पुण्याच्या भूकेंद्राकडे आकडे पाठवतात, तेव्हा प्रत्येकाला आपापली ठरावीक वेळ नेमून दिलेली असते. कुणाचं बोलणं कुणाच्या बोलण्यावर आदळत नाही, आणि ‘आता बोलू का?’ असं विचारण्यात वीजही जात नाही. अट एकच, प्रत्येकाचं घड्याळ अचूक हवं.

मिळकत बेभरवशाची

बॅटरीवर चालणाऱ्या सेन्सरचं गणित पेन्शनरासारखं असतं. शिल्लक ठरलेली, ती जपून वापरायची. उन्हावरच्या सेन्सरचं गणित कोरडवाहू शेतकऱ्यासारखं आहे. कधी भरभरून येतं, कधी काहीच नाही, आणि घर मात्र रोज चालवायचं. खर्च अति केला तर दुष्काळात उपाशी. अति काटकसर केली तर कणगी भरून वाहते आणि आलेलं धान्य बाहेर सांडतं. भरलेल्या बॅटरीवर पडलेलं ऊन वायाच जातं.

हा तोल साधण्याला अमन कंसल, मणि श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी २००७ मध्ये नेटकं रूप दिलं. दीर्घकाळात खर्च मिळकतीइतकाच राहिला, तर यंत्र हार्डवेअर टिकेल तोवर चालू राहील. त्यासाठी उद्या किती ऊन मिळेल याचा अंदाज हवा. त्यांची पद्धत साधी होती. दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ भाग पाडायचे आणि त्या-त्या वेळी गेले काही दिवस किती ऊन मिळालं याची सरासरी ठेवायची. त्यात ताज्या दिवसांना वजन जास्त, जुन्यांना कमी. उद्या सकाळी साडेदहाला किती मिळेल? साधारण गेल्या काही दिवसांत साडेदहाला मिळालं तेवढं. एवढंसं गणित छोट्या चिपलाही झेपतं.

आपल्याकडे या पद्धतीची खरी परीक्षा होते ती मृगाच्या आसपास. मेअखेरपर्यंतच्या कडक उन्हाची आठवण यंत्राच्या सरासरीत मुरलेली असते. पाऊस येतो, आभाळ एका दिवसात बदलतं, पण हिशेब मात्र अजून मेच्याच ऐटीत चाललेला असतो. चार-पाच दिवस यंत्र न मिळालेल्या पगारावर उधळपट्टी करतं. म्हणून पुढच्या संशोधकांनी नुसत्या घड्याळाऐवजी ‘आज सकाळपासून आभाळ कसं आहे’ हेही गणितात घेतलं. ज्याला आपला पावसाळा ठाऊक आहे त्याने तर जूनपासून खर्चाची पातळी आधीच खाली आणावी.

ताणलेली दोरी

मग वीज हाती आल्यावर ती कशी खर्च करावी? इथे गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेला नियम आडवा येतो. पाठवण्याची शक्ती दुप्पट केली, म्हणून माहिती दुप्पट जात नाही. पहिल्या वॅटला जे मिळतं, त्याहून कमी दुसऱ्याला, तिसऱ्याला आणखी कमी. ओरडून एकदम सांगण्यापेक्षा त्याच ऊर्जेत सावकाश, एका लयीत सांगितलं तर जास्त माहिती पोहोचते.

काया तुतुन्जुओलू आणि आयलिन येनेर या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेलं उत्तर इतकं देखणं आहे, की ते वहीत काढून बघण्यासारखं आहे. आडव्या अक्षावर वेळ घ्या, उभ्या अक्षावर ऊर्जा. आजवर किती ऊर्जा मिळाली, त्याचा एक जिना काढा. प्रत्येक पायरी म्हणजे ऊन आल्याची नोंद. खर्चाची रेघ या जिन्याच्या वर जाऊ शकत नाही, कारण न आलेलं खर्चता येत नाही. आता बॅटरीच्या क्षमतेइतकं खाली दुसरा जिना काढा. खर्चाची रेघ त्याच्याही खाली जाता कामा नये, नाहीतर बॅटरी ओसंडेल. दोन जिन्यांमध्ये एक बोळ तयार झाला. बोळाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत दोरी टाका आणि दोन्ही टोकं धरून ती ताठ ओढा. जिन्याचे कोपरे लागतील तिथे ती वळेल, बाकी सगळीकडे सरळ राहील. त्या दोरीचा चढ जिथे जेवढा, तिथे तेवढ्या शक्तीने बोला. गणित बस् एवढंच.

प्रत्यक्षात दोन अडचणी येतात. पुढचं ऊन किती, हे आधी कळत नाही, त्यामुळे दोरी अंदाजानेच ओढावी लागते. आणि दुसरं असं, की रेडिओ नुसता जागा करण्याचाही ठरलेला खर्च असतो. तो मोठा असेल, तर सतत हळू बोलत बसण्यापेक्षा साठवून, एका दमात बोलून झोपी जाणं परवडतं. आजच्या बहुतेक छोट्या यंत्रांचा मार्ग हाच आहे.

तारेची भाषा

आपल्याकडची तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. शब्दांवर पैसे पडत, म्हणून तार लिहिताना माणसं क्रियापदंसुद्धा गाळत. शुभेच्छांच्या तारांसाठी ठरीव वाक्यांना क्रमांक होते. आपण क्रमांक द्यायचा, पलीकडच्या तार कचेरीत तो उलगडून पूर्ण वाक्य छापलं जायचं. सेन्सरच्या निरोपाची रचना अगदी याच बुद्धीने करतात.

‘तापमान २७.४ अंश’ हे वाक्य संगणकाच्या प्रचलित युनिकोड संकेतपद्धतीत ३९ बाइट घेतं. पण दोन्ही टोकांना आधीच माहीत असेल, की पहिले दोन बाइट म्हणजे दहाने गुणलेलं तापमान, तर नुसता २७४ हा आकडा पुरतो, दोन बाइटांत. मात्र प्रत्येक निरोपाला पाकीट लागतं. पत्ता, क्रमांक, खरेपणाचा शिक्का. लोराच्या प्रचलित जाळ्यात हे पाकीट किमान १३ बाइटांचं. दोन बाइटांच्या चिठ्ठीला तेरा बाइटांचं पाकीट! सहा वेळची तापमानं सहा पाकिटांतून धाडली, तर ९० बाइट. एकाच पाकिटात घातली, तर २५. तापमानाला हे चालतं. तासाभराने कळलं तरी बिघडत नाही. पुराच्या पाण्याला नाही चालत.

काय पाठवायचं, यातही खुबी आहे. पर्जन्यमापकाने ‘गेल्या दहा मिनिटांत ४ मिलिमीटर’ असं सांगितलं आणि तो निरोप वाटेत हरवला, तर ते ४ मिलिमीटर कायमचे गेले. त्याऐवजी ‘सकाळपासून एकूण ११८’ असं सांगितलं, तर मधले तीन निरोप हरवले तरी चौथ्यात सगळा पाऊस जमेला धरलेला असतो. हरवलेलं पुन्हा पाठवण्याची वीजही वाचते. शेतातल्या ओलाव्याच्या सेन्सरसाठी आणखी एक पद्धत वापरतात. ठरावीक फरक पडला तरच बोलायचं, एरवी गप्प. पण गप्प म्हणजे बदल नाही, की यंत्रच मेलं? म्हणून काही तासांनी एकदा ‘मी आहे’ एवढा निरोप धाडायचाच.

आणि कधी बोलायचं? रट्गर्स विद्यापीठाचे रॉय येट्स यांनी २०१५ मध्ये एक मजेशीर निष्कर्ष मांडला. पलीकडच्याला मिळणारी माहिती शक्य तितकी ताजी राहावी हा हेतू असेल, तर ऊर्जा हाती येताच ती लगेच उडवणं शहाणपणाचं नाही. नुकताच निरोप गेला असताना पाठोपाठ दुसरा गेला, तर नवीन काहीच कळत नाही, आणि नंतर गरज पडते तेव्हा गाठीला काही उरलेलं नसतं. थोडं थांबून, अंतर राखून बोलणाऱ्या आळशी यंत्राची माहितीच सरासरीत जास्त ताजी ठरते.

बॅटरीच नसेल तर?

काही यंत्रांनी साठवणुकीचा नादच सोडला आहे. सीमेन्समधून २००१ मध्ये वेगळ्या झालेल्या जर्मनीतल्या एनओशन कंपनीचा भिंतीवरचा बटण-स्विच घ्या. त्यात ना बॅटरी, ना तार. बटण दाबताना आतलं चुंबक हलतं, कॉइलमध्ये क्षणभर वीज निर्माण होते आणि तेवढ्यात ‘दिवा लाव’ हा निरोप बाहेर पडतो. एकदा नव्हे, साधारण चाळीस मिलिसेकंदांत तीनदा. पोच आली का, हे ऐकायला वीज नाही, म्हणून तेच तीनदा सांगून मोकळं व्हायचं. या कंपनीच्या भाषेत त्या निरोपाला नाव आहे ‘टेलिग्रॅम’.

याहून गरीब यंत्र आपल्या गाडीच्या काचेवर आहे. फास्टॅगला ना बॅटरी असते, ना स्वतःचा आवाज. टोलनाक्यावरचं यंत्र ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतं. त्यांच्यातूनच टॅगची चिप जागी होते आणि त्याच लहरी कमी-जास्त परतवून आपला क्रमांक कळवते. लहानपणी आरसा हलवून समोरच्या भिंतीवर कवडसा नाचवायचो, त्यातला प्रकाश आपला थोडाच होता? २०१३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी टीव्ही टॉवरच्या लहरींवर असाच कवडसा पाडून, बॅटरी नसलेली दोन यंत्रं एकमेकांशी बोलती केली.

या भणंग यंत्रांना एक भीती कायम असते, वाक्य अर्ध्यावर असताना वीज जाण्याची. म्हणून ती थोड्या-थोड्या कामानंतर, वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत खूण करून ठेवतात, वाचता-वाचता पानाचा कोपरा दुमडावा तशी. वीज आली की पुढे सुरू.

पुन्हा त्या छपरावर

तर जुलैतल्या त्या पर्जन्यमापकाने काय करावं? कोरड्या दिवसांत दिवसातून एखाद-दोन वेळा बोलावं. वाट्या भराभर कलंडू लागल्या, की बोलण्याचा वेग वाढवावा. आणि बॅटरीतला एक हिस्सा मे महिन्यात कितीही ऊन असलं तरी कुलूपबंद ठेवावा, अतिवृष्टीच्या रात्रीसाठीच. केरळात मुन्नारजवळ अमृता विद्यापीठाने उभारलेल्या, दरडींची पूर्वसूचना देणाऱ्या सौर ऊर्जेवरच्या यंत्रणेत असाच विचार आहे. पाऊस आणि धोका वाढेल तसं मोजणं आणि कळवणं वाढवायचं, एरवी वीज राखायची. सह्याद्रीच्या उतारावर राहणाऱ्यांना माळीण आणि इर्शाळवाडीच्या दरडींनंतर याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

राज्यात ‘महावेध’ प्रकल्पामुळे दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली आहेत. बागायतदार आणि शेतकरी गटही स्वतःचे सेन्सर घेऊ लागले आहेत. विक्रेता पत्रकात पॅनेल किती वॅटचं आणि बॅटरी केवढी, हे छापतो. तुम्ही त्याला आणखी दोन प्रश्न विचारा. ऊन अजिबात नसेल, तर हे यंत्र किती दिवस चालेल? आणि त्या दिवसांत ते किती वेळा बोलेल? दुसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या शेजारी लिहून घ्या, कारण दिवसातून एकदाच बोलून महिनाभर तगणारं यंत्र पुराच्या रात्री उपयोगाचं नाही. आणि घेतलेलं असेल, तर मृग लागण्याआधी एकदा छपरावर चढून पॅनेल पुसून या.